टोचलं नाही म्हणून

नर्सने माझ्या कुर्त्याची बाही खांद्यापर्यंत सरकवली, दंडावर स्पिरिटचा गार बोळा फिरवला, सुई हातात घेतली आणि मग विचारलं, "तू गरोदर असण्याची शक्यता आहे का?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. कऱ्हाडहून अमेरिकेत येऊन मला तेव्हा जेमतेम एक उन्हाळा झाला होता. छापलेलं इंग्रजी कितीही अवघड असलं तरी मी वाचायची, पण बोललेलं कानावरून घसरून जायचं. तिने पुन्हा विचारलं, या वेळी स्वतःच्या पोटावर हात ठेवून. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. मागची पाळी कधी आली होती ते आठवेना. नवं घर, नवा देश, पुढच्या आठवड्यात सुरू होणारं कॉलेज, या सगळ्यात मी ते विसरूनच गेले होते.

नर्सने सुई ट्रेमध्ये परत ठेवली. छातीवरच्या पट्टीवर तिचं नाव होतं, डोरोथी. माझ्या आईपेक्षा थोडी मोठी असेल. "मग आधी तपासून घेऊ या, पोरी," ती म्हणाली आणि लघवीसाठी एक प्लास्टिकचा कप माझ्या हातात दिला.

हा विद्यापीठाचा दवाखाना होता. नव्याने दाखल होणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने गोवर, गालगुंड आणि रुबेला या तिन्हींची लस घेतल्याचा पुरावा द्यायचा, नसेल तर इथे येऊन टोचून घ्यायचं, असा तिथला नियम. तोवर कॉम्प्युटर तुमचं नाव नोंदवूनच घेत नाही. आईने प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणून पाठवलेल्या दाखल्यावर फक्त लहानपणी दिलेल्या गोवराच्या एका डोसाचा शिक्का होता. तो चालला नाही. आणि नाव नोंदल्याशिवाय पुढचं काहीच नव्हतं. मला संख्याशास्त्राच्या विभागात प्रवेश मिळाला होता आणि बरोबर पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवण्याचं कामही. त्यात फी माफ होती, थोडा पगार होता, आणि विद्यापीठाचा आरोग्य विमा होता. फक्त एक सुई मध्ये होती.

बाहेर बाकावर शिरीष बसला होता, माझा नवरा. तो त्याच विभागात पीएचडी करत होता. आमचं लग्न ठरवून झालेलं. पण बघायला आला तेव्हाच त्याने मला सांगितलं होतं, "मला अहो-जाहो करायचं नाही, आणि तिकडे येऊन नुसता स्वयंपाक करायचा नाही. तुझा एम.एस्सी.ला पहिला वर्ग आहे. तू पुढे शिकायचं." अशी स्थळं तेव्हा कऱ्हाडात येत नसत. वडील त्या दिवशी रात्री जेवताना दोनदा म्हणाले, मुलगा वेगळा आहे. आणि तो खरंच वेगळा होता. लग्नानंतर मी व्हिसाची वाट बघत कऱ्हाडला होते तेव्हा प्रवेशपरीक्षेसाठी त्यानेच फोनवरून मला इंग्रजी शब्द पाठ करायला लावले, अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं. प्रवेशाचं पत्र आलं त्या संध्याकाळी त्याने शेजारच्या सगळ्या देशी मंडळींना बोलावून पावभाजी केली आणि प्रत्येकाला सांगितलं, "आमच्याकडे आता दोन डॉक्टर होणार."

ते जूनमध्ये. ऑगस्ट उजाडेपर्यंत तो थोडा गप्प झाला होता. अभ्यासाचा ताण असेल असं मला वाटलं. पीएचडी पुढे चालू ठेवायला द्यावी लागते ती एक मोठी परीक्षा होती त्याची, ती पार पडली की मोकळा होईन म्हणायचा.

चाचणीचा निकाल 'हो' असा आला, तो डोरोथीने मला हसत सांगितला. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला आनंद झाला की भीती वाटली, आज सांगता येणार नाही. पोटातून एकदम उमासा आला आणि मी तोंडावर हात धरून बाथरूमकडे पळाले. बराच वेळ बेसिनवर वाकून उभी होते. तोंड धुऊन परत आले तेव्हा शिरीष आत आला होता आणि डोरोथी त्याला काहीतरी समजावून सांगत होती. तो मान हलवत होता. मला पाहून ती थांबली, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "काळजी घे." एवढं मला कळलं.

बसच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो.

"खुश आहेस ना?" मी विचारलं.

"आहे की." तो हसला, पण रस्त्याकडे बघत. मग म्हणाला, "फक्त एक घोळ झालाय."

"काय?"

"ही लस गरोदर बाईला देत नाहीत. बाळाला धोका असतो. आणि लस नाही तर रजिस्ट्रेशन नाही."

"मग?"

"मग या वर्षी नाही होणार, उज्ज्वला."

मी म्हटलं, "पण काहीतरी असेल ना? डॉक्टरांचं पत्र वगैरे? गरोदर बायका काय शिकत नाहीत इथे?"

"मी विचारलं तिला. तू आत होतीस तेव्हा. नियम म्हणजे नियम, म्हणाली. इकडे आपल्यासारखं नसतं, ओळख काढली आणि झालं."

बस आली. आम्ही मागच्या सीटवर बसलो. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते आणि तो माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. मध्येच म्हणाला, "हे बघ, टोचून घ्यायचंच असेल तर दुसरीकडे जाऊन, दिवस गेलेत हे न सांगता घेता येईल. तुझी मर्जी. मी अडवणार नाही."

मी त्याच्याकडे बघितलं. "असं कसं घेईन मी?"

"तेच म्हणतोय," तो म्हणाला. "बाळापेक्षा का एक डिग्री मोठी आहे."

विभागात जाऊन कळवायचं कामही त्यानेच अंगावर घेतलं. मी तिथेच तर असतो दिवसभर, तू कशाला तंगडतोड करतेस, म्हणाला. मीही बरं म्हटलं. ज्या इमारतीत आपण जाणार होतो तिथे जाऊन 'येत नाही' म्हणून सांगायचं मला नकोच होतं.

विम्याचं मी रात्री विचारलं. त्याचा विमा होता, विद्यार्थी म्हणून. बायकोचा वेगळा काढावा लागायचा आणि तो आम्ही काढला नव्हता, कारण ऑगस्टपासून मला माझा मिळणारच होता.

"आता दिवस गेल्यावर कोण काढून देणार?" तो म्हणाला. "तू बाळंतपणाला कऱ्हाडला जा. नाहीतरी पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. डिसेंबरचं तिकीट काढू."

त्यानंतरचे महिने मी विवाहित विद्यार्थ्यांच्या त्या दोन खोल्यांत काढले. सकाळी शिरीषला डबा करून द्यायचा, तो विभागात जायचा, संध्याकाळी दमून यायचा. त्याचे हात पाण्यात राहिल्यासारखे पांढरे पडलेले असायचे, बोटांच्या टोकांना सुरकुत्या. मी विचारलं तर म्हणाला, खडूने त्वचा कोरडी होते. मी त्याला खोबरेल तेल चोळून द्यायची.

शेजारी सबीहा राहायची, लाहोरची. तिचा नवरा इंजिनिअरिंगला होता आणि तिलाही दिवस गेले होते. तिचाही विमा नव्हता. आम्ही हिंदीत बोलायचो. एक दिवस तिने माझे पाय बघितले. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

"ये ठीक नहीं है," ती म्हणाली. "शनिवारी माझ्याबरोबर चल. चर्चच्या तळघरात दवाखाना असतो. काही विचारत नाहीत, काही घेत नाहीत."

मी शिरीषला सांगितलं. तो नको म्हणाला. धर्मादाय दवाखान्यात जायची आपल्यावर काय वेळ आलीय का, थोडे दिवस काढ, कऱ्हाडला गेलीस की चांगल्या डॉक्टरला दाखव. तरी मी गेले. बाळ तेव्हा पोटात जोरजोरात लाथा मारायचं, आणि माझं डोकं सकाळपासून दुखत राहायचं.

तळघरात घडीच्या खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या. बहुतेक मेक्सिकोकडच्या, शेतात काम करणाऱ्या, आणि आमच्यासारख्या दोन-चार. कोपऱ्यात पडदा लावून आत तपासत होते. माझा नंबर आला, मी पडदा सारला, आणि समोर डोरोथी. शनिवारी ती इथे फुकट काम करायची.

तिने मला लगेच ओळखलं. आधी हसली. मग तिच्या चेहऱ्यावर गोंधळ आला.

"तू इथे काय करतेस?" ती म्हणाली. "तुझा तर विद्यापीठाचा विमा आहे. तू हॉस्पिटलमध्ये जायचं."

"मी विद्यार्थिनी नाही," मी म्हटलं.

"का?"

मला वाटलं ही चेष्टा करतेय. मी शब्द जुळवत म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना. टोचलं नाही म्हणून प्रवेश नाही."

तिने रक्तदाबाचा पट्टा हातात घेतला होता, तो खाली ठेवला. आणि मला कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश बोलली.

"गरोदर मुलींना लशीतून सूट असते. बाळ होईपर्यंत. मी फक्त सही करायची असते. मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं, उद्या कधीही या, दोन मिनिटांचं काम आहे. मी सहीसाठी थांबले होते. तुम्ही आला नाहीत. मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडून करून घेतलं असेल."

मी म्हटलं, "कदाचित त्याला तुमचं इंग्रजी कळलं नसेल."

हे वाक्य बोलताना मला माहीत होतं की ते खोटं आहे. शिरीष तिथे पाच वर्षं राहत होता. डोरोथीने पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला.

"जास्त आहे," ती म्हणाली. "बराच जास्त. विमा असता तर मी तुला आत्ता गाडीत घालून हॉस्पिटलला पाठवलं असतं." मग तिने गोळ्या दिल्या, मीठ बंद करायला सांगितलं, डाव्या कुशीवर झोप म्हणाली. मी निघताना तिने माझं मनगट धरलं. "जानेवारीत नवं सत्र सुरू होतं. सूट मी आजही देईन. तू स्वतः जा विभागात. तू स्वतः."

सोमवारी शिरीष डबा घेऊन गेल्यावर मी कोट चढवला आणि निघाले. बर्फ पडून गेलं होतं, वाटा निसरड्या होत्या, मी एका हाताने पोट आणि एका हाताने कठडे धरत चालले होते. रस्ताभर मी मनातल्या मनात शिरीषच्या बाजूने बोलत होते. त्याच्या डोक्यात परीक्षा होती. त्याने नीट ऐकलं नसेल. बाळाच्या बातमीने गडबडला असेल.

विभागाच्या ऑफिसात कॅरल नावाची बाई होती. प्रवेशाची सगळी पत्रं तिनेच मला पाठवली होती. मी नाव सांगितलं तशी ती उठून बाहेर आली.

"उज्ज्वला! शेवटी भेटलीस तू," ती म्हणाली आणि माझ्या पोटाकडे बघून हसली. "तू येणार नाहीस हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं मला. पण समजू शकते मी. घरी राहून बाळाकडे बघायचं हा तुझा निर्णय होता."

"माझा?"

"शिरीषने सांगितलं. तू म्हणालीस, तुला आता शिकायची इच्छा राहिली नाही. विभागप्रमुखांनी त्याला दोनदा विचारलं, तिला जानेवारीपर्यंत वेळ देऊ का, म्हणून. तो म्हणाला, नको, तिचं ठरलंय."

माझ्या जागेवर तुर्कस्तानचा एक मुलगा घेतला होता. शिकवण्याचं काम आता पुढच्या ऑगस्टशिवाय नाही, नव्याने अर्ज करावा लागेल, ती समजुतीने सांगत होती. मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मग मी म्हटलं, "शिरीष वर आहे का? त्याला भेटून जाते."

दारापाशी कुणी नाही ना, हे कॅरलने बघितलं.

"तो इथे बसत नाही," ती म्हणाली. "ऑगस्टपासून. मला वाटलं, तुला माहीत आहे."

यापेक्षा जास्त तिने सांगितलं नाही, नियमाने तिला सांगता येतही नव्हतं. पण मी जिन्याने वर गेले. ज्या खोलीत जूनमध्ये त्याने मला नेऊन आपलं टेबल दाखवलं होतं, खिडकीजवळचं, तिथे एक चिनी मुलगी बसली होती. तिने मान वर करून विचारलं, कोण हवंय. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "तो परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला ना. त्याचं शिकवण्याचं काम गेलं, त्याला फक्त एम.एस. देऊन मोकळं करणार आहेत. आता तो खानावळीत असतो, बहुतेक." तिने हे सहज सांगितलं. तिला काय माहीत मी कोण.

खानावळ त्याच रस्त्यावर होती. सगळ्या मुलांची, मोठी, काचेच्या भिंतींची. मी आत गेले नाही. बाहेरूनच दिसलं. डोक्यावर कागदाची पांढरी टोपी, अंगात रबरी एप्रन, आणि शिरीष एका पट्ट्यावरून सरकत येणारी खरकटी ताटं उचलत होता, त्यातलं खरकटं ओरबाडून डब्यात टाकत होता, ताटं यंत्रात लावत होता. वाफेने त्याचा चेहरा लाल झाला होता. एका मुलाने ताट ठेवताना त्याला काहीतरी म्हटलं आणि तो हसला. कसनुसं, मान झुकवून. ते हसणं मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

मी तशीच मागे फिरले.

संध्याकाळी तो आला. मी दिवा लावून टेबलाशी बसले होते. त्याने डबा सिंकमध्ये ठेवला, जॅकेट काढलं.

"पाय कसे आहेत?" त्याने विचारलं.

"डोरोथी भेटली होती शनिवारी," मी म्हटलं. "नर्स. आणि आज मी विभागात जाऊन आले. आणि खानावळीपाशी."

तो खुर्ची ओढून बसला. आपल्या हातांकडे बघत राहिला. मी वाट बघत होते की तो म्हणेल, तुला चुकीचं कळलं. त्याने म्हटलं नाही.

"कधी कळलं तुला नापास झाल्याचं?" मी विचारलं.

"तू टोचून घ्यायला गेलीस त्याच्या आदल्या दिवशी."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो? तुझी तयारी चालली होती. नवं दप्तर घेत होतीस."

"ते सोड. सहीचं का नाही सांगितलंस? दोन मिनिटांचं काम होतं, शिरीष."

तो एकदम आवाज चढवून म्हणाला, "तू तिथे बसणार आणि मी ताटं विसळणार? तुझे विद्यार्थी जेवून ताट माझ्यासमोर ठेवणार? सगळा विभाग म्हणणार, याची बायको बघा आणि हा बघा! मी तुला आणलं इथे. मी शिकवलं तुला अर्ज कसा लिहायचा!"

"मग मी शिकले असते आणि तू दुसरीकडे प्रयत्न केला असतास. माझ्या पगारात निघालं असतं ना एक वर्ष."

"तेच नको होतं मला," तो म्हणाला.

"आणि विमा?" मी विचारलं. "मी तिथे तळघरात बसले होते. माझा रक्तदाब किती आहे माहितीये तुला? नाव नोंदलं असतं तर विमा चालू झाला असता. मला नाही, तुझ्या बाळाला डॉक्टर मिळाला असता."

त्याने माझ्याकडे बघितलं. खरोखर गोंधळल्यासारखं.

"तेवढा विचार नाही केला मी," तो म्हणाला.

आणि मग तो रडायला लागला. टेबलावर डोकं ठेवून, मुलासारखा. हुंदक्यांतून एकच म्हणत होता, घरी सांगू नकोस. आईला सांगू नकोस, तुझ्या वडिलांना सांगू नकोस, ते मला किती मानतात. माझ्या डोळ्यांपुढून ती कागदी टोपी हलत नव्हती. मला त्याचा संताप यायला हवा होता. तो शोधला मी स्वतःत, मिळाला नाही. पोट दुखत होतं, पाय ठणकत होते, आणि समोर एक माणूस रडत होता. मी म्हटलं, "नाही सांगत."

डोरोथीने विमानाने जाऊ नको म्हणून परोपरीने सांगितलं. पण तिथे राहून करणार काय होते? डिसेंबरअखेर मी कऱ्हाडला आले. आठव्या महिन्यात एका सकाळी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मला झटके यायला लागले. वडिलांनी जीपमधून दवाखान्यात नेलं, पोट फाडून मुलगी काढली. गार्गी. ती कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. मला दुसरं मूल होऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शिरीष मेमध्ये एम.एस. घेऊन परत आला. परदेशी नोकरी सोडून बायको-मुलीसाठी आला, असं घरात सगळे म्हणाले. त्याने तसं कधी सांगितलं नाही. नाकारलंही नाही.

मी त्याला सोडलं नाही. आजारी पोर होती, मी अंथरुणावर होते, आणि वडिलांचा त्या माणसावर विश्वास होता. पुढे सवय झाली. साताऱ्यात त्याने परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी वर्ग काढले, ते चांगले चालले. सगळे त्याला सर म्हणतात. मी एका कॉलेजात तासावर संख्याशास्त्र शिकवते. अमेरिकेला पुन्हा अर्ज करायचं एकदा मनात आलं होतं. गार्गी तेव्हा सारखी आजारी पडायची. ते राहिलं.

मागच्या वर्षी गार्गीला जर्मनीत पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. माझ्या भावाने कऱ्हाडला घरी जेवण ठेवलं. नातेवाईक, वर्गातली काही मुलं, त्यांचे आईवडील, घर भरून गेलं होतं. जेवणं झाल्यावर सगळे म्हणाले, सर, दोन शब्द बोला. शिरीष उभा राहिला. तो छान बोलतो. गार्गीबद्दल बोलला, कष्टांबद्दल बोलला, आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "पण खरं श्रेय हिचं. फार लोकांना माहीत नाही. हिला अमेरिकेत पीएचडीला प्रवेश मिळाला होता. सगळं तयार होतं. फक्त एक लस टोचून घ्यायची होती. पण गार्गी पोटात होती. ही म्हणाली, माझ्या बाळापेक्षा का एक डिग्री मोठी आहे! आणि सोडून दिलं सगळं. असे त्याग आपल्या बायका करतात, त्यांची कुठे नोंद होत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मी पूर्वीही ऐकलं होतं, वर्गात, लग्नकार्यात. पण त्या दिवशी गार्गी उठली. डोळे भरले होते तिचे. सगळ्यांदेखत ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "माझ्यामुळे राहिलं ना गं तुझं सगळं."

"तुझ्यामुळे नाही," मी म्हटलं. मोठ्याने. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

शिरीष हसला. प्रेमाने, मान डोलावत. "बघा," तो म्हणाला, "अजून मोठेपणा स्वतःकडे घेत नाही."

मी त्याच्याकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर कुठेही काही लपवल्याची खूण नव्हती. तो खोटं बोलत नव्हता. एवढ्या वर्षांत सांगून सांगून ते त्याच्यापुरतं खरं झालं होतं, बसच्या थांब्यापासून टाळ्यांपर्यंत. खरं काय घडलं ते आता माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही. वहिनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वन्सं, एवढं मन सगळ्यांना मिळत नाही हो."

चहा टाकायला मी आत गेले. मागोमाग गार्गी आली आणि तिने दार लोटून घेतलं.

"आई, माझ्यामुळे नाही म्हणजे? मग कुणामुळे?"

मी गॅस बंद केला आणि तिला सांगितलं. सगळं. बाहेर लोकांचं हसणं-बोलणं चाललं होतं, कुणीतरी चहाची आठवण काढली, भावाने 'येतोय, येतोय' म्हटलं. गार्गी ओट्याला टेकून ऐकत होती. संपल्यावर ती रडली नाही. बापाला काही बोललीही नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. ओट्यावरचे कप तिने एकेक करून ट्रेमध्ये मांडले. मग म्हणाली, "लहानपणापासून मला वाटायचं, मी जन्माला येतानाच तुझं काहीतरी घेऊन आले. म्हणून मी तुझ्याकडे कधी काही मागायची नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का ते?"

माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटायचं, माझी मुलगी समजूतदार आहे.

त्या दिवशी मला शिरीषचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.